नॉर्मल म्हणजे किती?

“बेन, तुमची थायरॉईड झोपून गेली आहे,” वापीचे डॉक्टर माझा रिपोर्ट हातात धरून म्हणाले. माणूस गुजराती, पण मराठी चांगलं बोलायचे.

मला हसूच आलं. गेलं दीड वर्ष सगळं जग मलाच झोपाळू म्हणत होतं. खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. तिथला सुपरवायझर मला ‘कुंभकर्ण की बहन’ म्हणून हाक मारायचा आणि बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आता कळलं की झोपली होती ती गळ्यातली एक ग्रंथी. डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं आणि बाकी सगळ्यांशी एकेक करून भांडावंसं वाटलं.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. सिल्वासाच्या आजूबाजूला तेव्हा एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या. आम्ही नवराबायको अमळनेरकडून कामासाठी आलो आणि नरोलीत एक खोली भाड्यानं घेतली. हे मसाटला प्लॅस्टिकच्या कंपनीत, मी खडोलीला.

तिथंच माझं अंग जड व्हायला लागलं. केस फणीत यायचे, आवाज घोगरा झाला, पाय सुजायचे, आणि जेवण कमी करूनही वजन वाढायचं. जवळच्या दवाखान्यात रक्त, लघवी, साखर सगळं तपासलं. “सगळं नॉर्मल आहे. सकाळी फिरायला जात जा,” तिथले डॉक्टर म्हणाले. दिवसभर उभं राहून खोके भरणाऱ्या बाईला ते चालायला सांगत होते.

त्याच काळात मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात गर्भ पडला. तेव्हाही रिपोर्ट नॉर्मलच होते. त्या शब्दाशी माझं वैर तेव्हापासूनचं.

वापीच्या डॉक्टरांनी मात्र माझ्या गळ्याला हात लावून पाहिलं आणि वेगळीच तपासणी लिहून दिली. आजाराचं नाव निघालं हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावणं. तिच्यातून जे हार्मोन निघतं त्याला टी-फोर म्हणतात. ते कमी पडलं की अख्खं शरीर मंद चालतं.

रिपोर्टवर आणखी एक आकडा होता, टीएसएच. तो भलताच वर गेला होता. मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, थायरॉईड झोपलीय म्हणता, मग आकडा चढलेला कसा?”

“टीएसएच म्हणजे तुमचा सुपरवायझर,” ते म्हणाले. “तो मेंदूखालच्या ग्रंथीत बसतो. कामगार झोपला की त्याचा आवाज चढतो. टीएसएच वर गेला तर समजा, थायरॉईड काम करत नाही.”

माझ्या सुपरवायझरमुळे हे मला झटकन समजलं. तुम्हीही लक्षात ठेवा, कारण हा आकडा उलटा वाचावा लागतो आणि शिकलेलीही माणसं इथं फसतात.

“माझं मूल याच्यामुळेच गेलं का?” मी विचारलं.

“तसं खात्रीनं नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “पण पुढच्या वेळी हा आकडा जागेवर पाहिजे. त्यात हयगय नको.”

मी मनाशी खूणगाठ बांधली. पुढचं मूल मी जाऊ देणार नव्हते.

गोळी सुरू झाली, थायरॉक्सिन. ग्रंथी जे बनवत नाही तेच बाहेरून द्यायचं. रोज सकाळी, रिकाम्या पोटी आणि बहुधा जन्मभर. मी एक दिवस चुकवला नाही. तरी पुढच्या तपासणीत टीएसएच फारसा उतरला नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बेन, खरं सांगा, गोळी घेता ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “रोज घेते! सकाळी उठल्याबरोबर, चहाबरोबर!”

“चहाबरोबर? मी रिकाम्या पोटी म्हटलं होतं.”

“रिकामंच होतं की पोट. चहाशिवाय काही नसतं त्यात.”

ते हसायला लागले. मी हसले नाही. आमच्याकडे कडक उपासालाही चहा चालतो. चहाला कोणी खाणं म्हणत नाही. दुधाच्या चहानं ही गोळी अंगी लागत नाही हे मला कुणी सांगितलं होतं? त्यांनीही ते कबूल केलं आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा किमान अर्ध्या तासानं. पुढचा रिपोर्ट चांगला आला. हिवाळा संपेपर्यंत माझे केस गळायचे थांबले आणि सुपरवायझरला हाक मारायला दुसरं कोणीतरी शोधावं लागलं.

त्यानंतर मला पुन्हा दिवस गेले.

मायचा पहिला निरोप आला, गोळ्या बंद कर. गोळ्या गरम पडतात, म्हणूनच मागचं पडलं, असं तिचं म्हणणं. मागच्या वेळी मी एकही गोळी घेत नव्हते, हे तिला कितीदा सांगितलं तरी पटत नव्हतं. मी गोळी चालूच ठेवली.

नाव मी सिल्वासातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घातलं. बाई मनानं चांगल्या, पण सदा घाईत. तिसरा महिना संपला तेव्हा त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं आणि त्यात फक्त टी-फोर करवला. आठवड्यानं रिपोर्ट आला. टी-फोर वरच्या रेघेच्या बाहेर होता.

“गोळी जास्त होतेय तुला,” बाई म्हणाल्या. “आजपासून अर्धी घे.”

मे महिना होता. सिल्वासाचा मे ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, पत्र्याखाली अंगावर चादरही नको होते. आणि मी गोधडी घेऊन झोपत होते. पोट साफ होत नव्हतं, आवाज पुन्हा घोगरा झाला होता, बसल्या जागी डोळा लागायचा. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं.

“बाई, औषध जास्त झालं तर माणसाला उकडेल. मला थंडी वाजतेय,” मी म्हटलं.

“गरोदरपणात होतं असं काहीबाही.”

“टीएसएच करा. तो सांगेल ते करीन. तोवर गोळी कमी करायची नाही मी.”

शेजारी बसलेल्या ह्यांनी माझा पदर ओढला. “मॅडम सांगतात ते कर ना. आपण काय डॉक्टर आहोत?”

बाईही वैतागल्या. “डॉक्टर तू की मी?”

“तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला विचारतेय,” मी म्हटलं आणि खुर्ची सोडली नाही. बाहेर बाकावर बायकांची रांग होती, आत मी ठाण मांडलेलं. शेवटी बाईंनी टीएसएच लिहून दिला.

तो आठवडा फार वाईट गेला. समजा बाईंचं खरं निघालं तर? आपल्या हट्टापायी पोटातल्या जिवाला काही झालं तर? मी भीत होते आणि तरीही रोज अख्खी गोळी गिळत होते.

रिपोर्ट आला. टीएसएच चांगलाच चढलेला होता. म्हणजे औषध कमी पडत होतं. त्या दिवशी गोळी अर्धी केली असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही फार वेळ करत नाही.

दोन्ही रिपोर्ट घेऊन मी वापीला गेले. “टी-फोर जास्त आणि टीएसएचही जास्त. मग खोटं कोण बोलतंय?”

“खोटं कोणीच नाही,” डॉक्टर म्हणाले. रक्तात एक प्रथिन असतं. ते टी-फोरला अंगावर बसवून फिरवतं. गरोदरपणात हे प्रथिन वाढतं. तपासणीत जो टी-फोर मोजला होता तो एकूण, म्हणजे प्रथिनावर बसलेलाही त्यात धरलेला. बसलेला टी-फोर कामाला येत नाही. त्यामुळे हजेरी भरपूर आणि काम मात्र अडलेलं, असा प्रकार. शिवाय पोटात मूल असताना गोळीची गरज बहुतेकींना वाढते. त्यांनी गोळी वाढवली आणि दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंना मी दोन्ही कागद दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले. “बरं झालं अडून बसलीस,” म्हणाल्या. एवढं मोकळेपणानं बोलणारे डॉक्टर मला नंतर फार भेटले नाहीत. त्यांनी लोहाची गोळी दिली, तीही थायरॉईडच्या गोळीपासून दूर, दुपारच्या जेवणानंतर, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह तिला अडवतं.

सातवा लागला आणि माय मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय असतं? तिनं डिंक, मेथ्या जमवून ठेवल्या होत्या, बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती.

“मी येत नाही,” मी म्हटलं.

गावात ही तपासणी होत नव्हती, गोळी मिळण्याचा भरवसा नव्हता. आकडा चढला तर तिथं कोण बघणार होतं? मी समजावलं, ह्यांनी समजावलं. मायच्या डोळ्याला पाणी आलं.

“पहिलं बायतपन आन् पोर परगावले? लोक काय म्हनतीन माले?”

“म्हणू दे. मागच्या वेळी लोक आले होते का माझ्याजवळ?”

ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. बसमध्ये बसल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खोलीवर येऊन खूप रडले. पण ठरलेल्या दिवशी रक्त द्यायला गेले.

गणपती उठल्यावर एके दुपारी दारात माय उभी. डोक्यावर बोचकं, काखेत डिंकाचा डबा.

“तू उनी नही, मंग मी उनू,” तू आली नाहीस म्हणून मीच आले, असं ती आमच्या अहिराणीत म्हणाली आणि चपला काढून सरळ चुलीपाशी, म्हणजे आमच्या स्टोव्हपाशी गेली.

मी सगळं सांगितलं, गोळी, पाणी, चहा, सुपरवायझर. तिनं मान डोलावली नाही की वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला तीच माझ्या हातात द्यायला लागली आणि चहाचं पातेलं माझ्यापासून राखून बसायला लागली. मी कितीही गयावया केली तरी ती विरघळायची नाही. वापीलाही ती माझ्याबरोबर यायची आणि डॉक्टर बोलत असताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.

दिवाळी झाली आणि मुलगी झाली. तिचा आवाज असा खणखणीत, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आईवर गेलीय.”

हे वाचणाऱ्या बायांनो, आणि बाप्यांनो, कारण हा आजार तुम्हालाही सोडत नाही. गोळी मनानं वाढवू नका, मनानं सोडू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय. सगळे रिपोर्ट जपून ठेवा आणि आकडा व अंग एकमेकांशी जुळत नसतील तर तसं डॉक्टरांना तोंडावर सांगा. ते रागावले तर रागावू देत. ज्यांनी मला समजावून सांगितलं आणि ज्यांनी माझं ऐकून घेतलं, त्या दोन्ही डॉक्टरांची मी जन्माची ऋणी आहे. बाकीच्यांचं मी काही देणं लागत नाही.

आता एवढंच सांगायचं राहिलं. आईला थायरॉईड म्हणून बाळाचंही रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला त्या दिवशी मी अजून दवाखान्यात खाटेवर होते, आणि माय नातीला मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाई दारातूनच हसत म्हणाल्या, “आजी, काळजी मिटली. बाळाचं सगळं नॉर्मल आहे.”

मायनं हात जोडले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही.

“नारमल ऱ्हाऊ द्या बाई,” ती म्हणाली. “टीएसएच कितला शे, ते सांगा.”

बाई माघारी फिरल्या, रिपोर्ट घेऊन आल्या, आणि मायच्या शेजारी बसून त्यांनी आकडा वाचून दाखवला.