आरती नसलेल्या घरातली आरती

लोणावळ्यात मी ज्या ऑफिसात नोकरी करत होते, तिथले साहेब स्वतःला मावळचे जाणकार म्हणवत. राहायला पुण्यात. मावळात त्यांचा एक बंगला, आणि त्याच्या गच्चीवरून दिसेल तेवढाच मावळ त्यांना ठाऊक. आमची वेबसाइट होती गावातल्या घरांची. ज्या गावकऱ्यांना सुट्टीला येणाऱ्या शहरी पाहुण्यांसाठी घरातली खोली द्यायची असेल, त्यांच्या घराचं त्यावर एक पान असायचं. ती पानं मी तयार करायची.

पानाचं टेम्प्लेट मात्र साहेबांनी स्वतः भरून ठेवलेलं. नवीन घराचं पान उघडलं की रकाने कोरे यायचेच नाहीत. घर : कौलारू. जेवण : चुलीवरचं, शुद्ध शाकाहारी. सकाळ : देवघरातल्या आरतीच्या घंटानादानं जाग. घरमालकानं वेगळं काही सांगितलं तर ते बदलायचं, नाहीतर तसंच छापायचं. याला साहेब 'डिफॉल्ट' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना असा चेहरा करत, की जणू अभंगच रचलाय.

अर्ध्या मावळात स्लॅबची घरं आहेत, गॅस घरोघरी आहे, आणि रविवारी दुपारी कुठल्याही आळीतून चाललात तर मटणाचा वास नाकाशी येतो. पण साइटवर सगळा मावळ एकाच कौलाखाली बसून एकच आरती म्हणत होता.

"माहिती नसेल तर रकाना कोरा ठेवू या ना," मी एकदा म्हटलं.

"कोरं पान बघून गिऱ्हाईक पळतं," साहेब म्हणाले. "आणि कोण वाचतंय एवढं?"

लोक वाचत होते. लोहगडवाडीच्या एका भाऊंचा फोन आला. "ताई, आमचं घर पत्र्याचं हाय. पावनी येत्यात आन् कौलं कुटंयत म्हून इचारत्यात. आता पत्र्यावर कौलं मांडू का?" मी त्यांचं पान दुरुस्त केलं. साहेबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि त्यांनी ही गंमत लगेच कुणाला तरी फोनवर ऐकवली. टेम्प्लेट तसंच राहिलं.

मग वलवणच्या मावशी आल्या.

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. मुलगी लग्न होऊन गेलेली, यजमान वारलेले, म्हणून माडीवरच्या खोल्या पाहुण्यांना देत होत्या. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. माझ्या टेबलासमोर बसल्या आणि मोबाइल पुढं सरकवला. "हे मी कधी सांगितलं होतं, दाखवता का?"

पानावर आरती होती. मावशींचं घर बौद्ध. दारातून आत गेलं की समोर बुद्धमूर्ती, सकाळी वंदना. फोनवर त्यांनी खोल्यांची आणि जेवणाची माहिती दिली होती. सकाळचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आदल्या दिवशी मुंबईहून एक कुटुंब आलं. बाईंनी आल्याआल्या विचारलं, "देवघर कुठंय?" मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी वंदना असते. बसा हवं तर." त्या बाईंनी मूर्तीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मावशींचं आडनाव विचारलं. चहा तसाच टाकून मंडळी गेली. जाताजाता साइटवर शेरा लिहून गेली : मालकीणबाई खोटी माहिती देऊन फसवतात.

"एवढी वर्षं नोकरी केली," मावशी म्हणाल्या, "खोटारडी मला कुणी म्हटलं नव्हतं."

साहेब आतून आले. त्यांनी मावशींना खुर्ची देऊ केली, जिच्यावर त्या आधीच बसल्या होत्या. "मॅडम, ते डिफॉल्ट आहे. त्यात कुणाबद्दल काही नाही. आपण अगदी न्यूट्रल ठेवलंय."

"आरती न्यूट्रल?"

"म्हणजे... सर्वसाधारण."

"मग आम्ही कोण?"

साहेबांनी समजूतदारपणाचा आवाज काढला. आरती काढून टाकू, त्याऐवजी 'सर्वधर्मसमभावाचं वातावरण' असं लिहू. कसं वाटतं?

"घर बौद्धांचं आहे. तसं लिहा."

"मी आपल्याच भल्यासाठी सांगतो. तसं लिहिलं तर बुकिंगवर परिणाम होईल."

"तुम्ही लिहिलेल्याचा झालाय तो बघितला," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "बाळ, मी सांगते, तू लिही."

मी लिहिलं. बौद्ध घर. सकाळी वंदना, पाहुण्यांनी बसावं, न बसलं तरी हरकत नाही. रविवारी मटण. साहेब पाठीमागे उभे होते. स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या माणसाला मावळातलं एक घर असं ओळीओळीनं वाचावं लागलं, याचा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. तो शेराही मी मावशींसमोरच काढून टाकला.

त्या आठवड्यात मी टेम्प्लेटमधला एकेक रकाना रिकामा केला. जिथं कुणी काही बदललं नव्हतं, तिथली कौलं, चुली, आरत्या एका झटक्यात गेल्या. मग घरोघर फोन लावून विचारायला लागले. बेगडेवाडीकडचे एक आबा म्हणाले, "आमच्यात काय खास न्हाई बघ. म्हशी हायेत. वास येतो. लिव." मी लिहिलं. ज्यांना चालणार होतं ते आले असते.

ते वाचून साहेब माझ्यावर ओरडले. कंपनीची प्रतिमा म्हणे मी शेणात घातली. मग त्यांनी दार लावून घेतलं, दुपारभर विचार केला, आणि त्या विचारातून निघालं काय, तर 'सात्त्विक वातावरण'. आरतीच्या जागी आता तेच सगळ्या कोऱ्या रकान्यांत. स्लॅबची घरं पुन्हा कौलारू झाली. आबांच्या म्हशी त्यांनी स्वतःच्या हातानं पुसल्या. त्याच संध्याकाळी मी राजीनामा दिला. ते म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस." ज्याच्या मनाला काहीच लागत नाही, त्याच्याकडून हे ऐकायला मजा वाटली.

मावशींचं पान मात्र राहिलं. त्यात रकानाच भरलेला होता, डिफॉल्टला शिरायला जागा नव्हती. सुरुवातीला पाहुणे कमी झाले, हे साहेबांचं म्हणणं खरं ठरलं. पुढं एकदा मावशींचा फोन आला. आवाज खूश. आलेल्या पाहुण्यांमधले म्हातारे वडील सकाळी वंदनेला येऊन बसले होते, पाठ असल्यासारखे म्हणत होते. "आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचे झोपले होते," मावशी म्हणाल्या. "त्यांना मटण कधी आहे तेवढं कळायला हवं होतं."