वाया गेलेली दोन मतं

न्यूजग्रुपवरच्या मंडळींनो, आत्ताच घडलंय, सांगितल्याशिवाय राहवत नाही!

इथल्या देशाची सिटिझन झाल्यावरचं आज माझं पहिलं मतदान. दोन्ही मोठ्या पार्ट्यांना वैतागून मी सरळ तिसऱ्याच उमेदवाराला मत दिलं. माझा नवरा सुहास आठवडाभर बजावत होता, "मत वाया घालवू नकोस यार!"

संध्याकाळी शाळेतल्या आमच्या मतदान केंद्राच्या दारावर मतमोजणीचे आकडे लावले. आम्ही दोघं बघायला गेलो. तिसऱ्याला मतं चक्क दोन!

"एक माझं. दुसरं कुणाचं रे?" मी विचारलं.

सुहास खिशात गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती!

घरी येईपर्यंत मी हसत होते. पण खरं सांगा, दुसऱ्याला "वाया जाईल" म्हणून घाबरवणारे आणि स्वतः गुपचूप तिसऱ्यालाच मत देणारे आपण नक्की किती जण आहोत?