मामीला दिसलेलं गरम पाण्याचं गाव

आधीच सांगून टाकते — मी केमिस्ट्रीवाली. भूत, करणी, नजर असलं कुणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते. हे लिहितेय ते मुलीनं पिच्छा पुरवला म्हणून, आणि यातलं बरंचसं माझ्यासमोर घडलं म्हणून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत बी.एस्सी. करत होते. सुट्टी लागली की आजोळी, दाभोळला. धोपाव्यापर्यंत एसटीचे हिसके खायचे, मग होडीनं खाडी ओलांडायची... पलीकडच्या धक्क्यावर नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, छत्री काखेत मारून उभे असायचे. आता सगळं झटपट होतं, पण त्या धक्क्यावर माझी वाट बघणारं कुणी नाही.

घरात नाना, मामू आणि मामी. मामू परदेशी बोटीवर खलाशी. त्या वर्षी जर्मनीतल्या एका बंदरात तो बोटीच्या पोटात पडला. डोक्याला मार. बरोबरचा एक खलाशी परत आला, त्यानं सांगितलं — डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही, हात हलवत नाही, माणूस ओळखत नाही. त्यानंतर काही कळेना.

मामी रडली नाही. तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं, आणि त्यानं तिचे खांदे आखडले. म्हणून मी तिला उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. बायकांच्या बाजूला आम्ही दोघीच होतो. गंधकाचा वास, अंगाला चटके, आणि मामी गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. एकदम म्हणाली, "असा गाव खंय असंल गे?"

"कसला गाव?"

"दोन डोंगरांच्या मधी. झाडां काळी, टोकदार. पऱ्यासारकी बारीक नदी. लोकां पेले घेऊन उभी हायत. आनि काट्यांची वई... माडायेवडी उंच! तिच्यावरनं पानी गळतंय."

मला हसू आलं. कुंपणाला कुणी पाणी घालतं का! मग ती हळू आवाजात म्हणाली, "पन कोन हलत नाय गे. एकानं पाय उचललाय, तो उचललेलाच. पानी गळतंय, पन आवाज नाय."

गंधकाच्या वाफेनं डोकं हलकं होतं, असं मी तिला शास्त्रशुद्ध समजावलं. तिनं ऐकून घेतलं. पण नंतर घरीसुद्धा, डोळे मिटले की तिला तेच गाव दिसायचं.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा बोटकंपनीच्या मुंबईच्या एजंटचा निरोप आलेला होता — माणूस गेला. नानांनी ठरवलं, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, गायबाना नमाज पढायची. मय्यत समोर नसताना पढतात ती जनाज्याची नमाज. मग मामीनं इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकाला बसायचं, आणि इद्दत संपली की तिचे भाऊ तिला खेडला नेणार. मूलबाळ नव्हतं, वयही फार नव्हतं. तिचं दुसरं लग्न लावायचं, हे सगळ्यांच्या मनात होतं.

मामी कधी सासऱ्यांपुढे तोंड उघडायची नाही. त्या दिवशी पडवीच्या दारात आडवी उभी राहिली. "अब्बा, नमाज पढू नका. ते जिते हायत." आणि तिनं ते गाव सांगितलं. काळी झाडं, काट्यांची वई, न हलणारी माणसं, सगळं.

नाना खाली बसले. "पोरी, जिथं मानसां हलत नाय, पान्याला आवाज नाय... ती जित्यांची जागा हाय काय?"

मला तिचा इतका राग आला! वाटलं, स्वतःच्या तोंडानं स्वतःचा दावा बुडवला हिनं. पण ती दारातून हलली नाही. शेवटी नाना म्हणाले, पुढच्या जुम्म्यापर्यंत थांबू. पोटचा पोरगा होता, त्यांनाही निमित्तच हवं असणार.

आणि त्याआधीच दुसरा निरोप आला. गेलेला खलाशी वेगळाच होता. मामू जिवंत होता!

काही महिन्यांनी तो काठी टेकत घरी आला. ट्रंकेतून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तसबीर काढली. इस्पितळात त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर टांगलेली होती. मान वळत नव्हती, म्हणून दिवसभर तेवढंच बघायचा. निघताना नर्सनं काढून दिली. दोन डोंगर, काळी झाडं, बारीक नदी, पेले घेतलेली माणसं, एकाचा पाय उचललेला... मामीनं त्या उंच काटेरी भिंतीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "येवडासाच हाय होय गाव? मना केवडा मोठा दिसायचा."

मामीनं ते कुठल्या कॅलेंडरवर पाहिलं असेल म्हणाल, तर शेजारपाजारच्या घरांतसुद्धा मी विचारून आले. तसलं चित्र कुणाकडे नव्हतं.

ती तसबीर पडवीत लागली, आणि मामू त्या गावचा मास्तरच झाला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्याच गावचा होता. मामूची वाचा परतल्यावर त्यानं मोडक्या इंग्रजीत सगळं शिकवलेलं. नाव "बाड"नं सुरू व्हायचं, पुढचं मामूला कधी जमलं नाही. लंगडं हरीण गरम चिखलात लोळून बरं झालं, तिथून गावाची सुरुवात. मग कुणी राणी आली, तिनं कमानी बांधल्या. लढाईत हॉटेलांची इस्पितळं झाली. लोक तिथलं पाणी पेल्यातून पितात आणि तोंड वाकडं करून फेऱ्या मारतात. समुद्र लांब, म्हणून काट्याकुट्यांच्या भिंतीवरून खारं पाणी सोडतात आणि खारा वारा छातीत भरून घेतात. यावर नाना दर वेळी म्हणायचे, "हिकडं ये म्हनावं त्यांना, फुकट देतो वारा!" आणि सगळे दर वेळी हसायचे. ती संध्याकाळ, तो हशा, मामीच्या हातचा चहा... अजून सगळं आठवतं.

मामूनं ते गाव कधी पाहिलं नाही. मामी तर खेडच्या पुढे गेली नाही. एकाच्या डोळ्यांपुढचं दुसऱ्याला इतक्या लांब कसं दिसावं?

मामू पुढे बरीच वर्षं जगला. गेला तो घरीच, दुपारी, झोपेत. दफन करून पुरुषमाणसं परतली तेव्हा मामी आतल्या खोलीत पांढरी ओढणी घेऊन बसली होती. या खेपेला तिला कुणी सांगायची गरज पडली नव्हती. मी जवळ बसले. राहवेना, म्हणून विचारलं, "मामी, आता काय दिसतं?"

तिनं डोळे मिटले.

"काय नाय गे," ती म्हणाली. "म्हनून तर बसले इद्दतीला."