छोट्या बाईंचा बसलेला घसा

मिशनच्या त्या लहानशा शाळेत मोठ्या बाई म्हणजेच बालवर्ग, हे इतकं ठरून गेलं होतं की पालक पोराला 'शाळेत घातलं' असं म्हणतच नसत. 'मोठ्या बाईंकडे घातलं' म्हणत. चर्चच्या मागची बैठी इमारत, तिच्या टोकाची लांबट खोली. बाई सगळ्यांच्या आधी यायच्या, बुटक्या बाकांवरून ओला फडका फिरवायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. मग कुणाचं नाक पुसायचं, कुणाच्या नाड्या बांधायच्या, कुणाच्या डाव्या पायातला उजवा बूट काढून नीट घालायचा. प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले की निम्मी पोरं एका डोळ्यानं इकडेतिकडे बघत. बाई स्वतःचे डोळे घट्ट मिटून म्हणत, "मला दिसतंय हं!" की सगळे डोळे पटापट बंद.

एका वर्षी मुलं इतकी वाढली की एका बाकावर चार-चार जण कोंबावे लागले. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरनी सुताराला बोलावून खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घालून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची धाकटी बहीण आलीय ना राहायला? शिकलेली आहे, घरात बसून कंटाळत असेल. तिलाच घेऊ या का?"

बाईंना 'नको' म्हणायला कारण सापडेना.

धाकटीचा नवरा जहाजावर कामाला होता, म्हणून ती बहिणीकडे राहायला आली होती. आई लवकर गेल्यावर थोरलीनंच तिला वाढवलेलं. तिच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, वडिलांचं आजारपण काढता काढता तिचं लग्नही लावून दिलं. पण घरी पाहुणा आला की तो दोन मिनिटांत धाकटीशी बोलायला लागायचा आणि थोरली चहा टाकायला आत जायची. हे लहानपणापासूनचं. त्याबद्दल थोरली कधी कुणाला काही बोलली नाही, पण विसरलीही नाही.

अशी धाकटी पार्टिशनपलीकडची 'छोट्या बाई' झाली, आणि मुलांची वाटणी सिस्टरनी मोठ्या बाईंवरच सोपवली. बाईंनी ती अगदी मन लावून केली. चावणारा पलीकडे, सारखा रडणारा पलीकडे, भिंतीवर रेघोट्या ओढणारी जुळी पलीकडे. आणि घुमीसुद्धा. घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण शाळेत आल्यापासून पोरीनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. घरी बोलते, असं तिची आई सांगायची. बाईंनी गोंजारून पाहिलं, गोळी देऊन पाहिलं, एकदा दटावूनही पाहिलं. पोर नुसती टुकूटुकू बघायची. तिच्याकडे पाहिलं की बाईंना आपण नापास झाल्यासारखं वाटायचं. गेली पलीकडे, बरं झालं.

'आता कळेल बालवर्ग म्हणजे काय ते,' बाई मनात म्हणाल्या.

कळलं ते बाईंनाच. दोन-तीन आठवड्यांत पार्टिशनपलीकडून हसण्याचे असे फवारे उडायला लागले की अलीकडची पोरं अक्षरं गिरवता गिरवता थांबून कान टवकारायची. पलीकडे कुणी बेडूक व्हायचं, कुणी वारा व्हायचं. चावणारा आता सिंह झाला होता आणि सिंहानं फक्त गुरगुरायचं, असं छोट्या बाईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. एक दिवस मोठ्या बाईंच्या वर्गातल्या सगळ्यात शहाण्या मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, मी खूप मस्ती केली तर मला तिकडे पाठवाल?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिकडे काय सोनं लागलंय?" त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळल्या.

घरीही सुटका नव्हती. भाजी चिरता चिरता धाकटी वर्गातल्या गमती सांगायची, आणि थोरली "हं", "असं का", "बरं" एवढंच म्हणायची. "ताई, तू दमतेस का गं हल्ली?" धाकटीनं एकदा विचारलं. "वय झालं माझं," थोरली म्हणाली. वयाचा काही संबंध नव्हता. पोटात दुखत होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

अशात धाकटीचा घसा बसला. बसला म्हणजे पार बसला, नुसती हवा यायची. सकाळी शाळेत सिस्टर मोठ्या बाईंना म्हणाल्या, "आजचा दिवस दोन्ही वर्ग तुम्हीच घ्याल का? तिला घरी पाठवू."

"मुलांची शिस्त मोडते हो, सिस्टर," बाई म्हणाल्या. "करेल ती. हुशार आहे."

धाकटी गळ्याला रुमाल गुंडाळून आपल्या वर्गात गेली. जाताना ताईकडे बघून कसनुसं हसली. ताईनं हजेरीत डोकं घातलं.

त्या सकाळी पलीकडे ना बेडूक होते ना वारा. आधी बाकं सरकल्याचा आवाज, मग भांडण, मग रडणं. मोठ्या बाईंनी फळ्यावर 'कमळ' लिहिलं, इतकं सुरेख की स्वतःच मागे सरून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना खोलीत मोकळा श्वास घेता येत होता.

आणि मग पलीकडून एक आवाज आला. चिरका, खणखणीत, अगदी अनोळखी.

"खाली बसा! बाई म्हणतायत, खाली बसा!"

गलका थांबला. पुन्हा तोच आवाज. "बाई म्हणतायत, पाटी काढा. तू नाही, तू आधी नाक पूस!"

मोठ्या बाईंनी पार्टिशनच्या फटीला डोळा लावला. छोट्या बाई खुर्चीत बसून हातवारे करत होत्या आणि त्यांच्या शेजारी, बाकावर चढून, घुमी उभी होती. बाईंनी हात खाली केला की ती ओरडायची, कानाला लावला की ओरडायची. जिला बोलता येत नाही अशी बाई मिळाल्यावर पोरीला राहवलंच नसावं.

पोर बोलली याचा आनंद मोठ्या बाईंना झाला नाही असं नाही. झाला. पण तो आत शिरायच्या आधी दारातच दुसरं काहीतरी उभं होतं. माझ्याकडे का नाही बोलली?

दोन-तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर घुमीची आई आली. ती लाँड्रीत इस्त्री करायची. पोरीची ने-आण करायला शेजारीण होती, त्यामुळे वर्गाची वाटणी झाली हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं मोठ्या बाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही माझ्या लेकीला शाळेत बोलतं केलंत! घरी आता शाळेचं सांगताना तोंड मिटत नाही. सारखं आपलं, बाई म्हणतायत, बाई म्हणतायत!" आणि तिनं कागदात गुंडाळलेला टेबलक्लॉथ पुढे केला. पांढऱ्यावर निळ्या पक्ष्यांचं भरतकाम, स्वतःच्या हातचं.

धाकटी औषध आणायला लवकर गेली होती. जवळ कुणी नव्हतं. 'मी नाही, माझी बहीण' एवढंच म्हणायचं होतं.

"कशाला एवढं?" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि तो घेतला.

घरी धाकटीनंच तो टेबलावर अंथरला. "किती सुंदर गं! कुणी दिला?"

"एका पालकानं."

"मिळणारच. तुझ्यासारखं कोण शिकवतं?"

त्या दिवसापासून जेवताना थोरलीचं ताट नेमकं एखाद्या पक्ष्यावर यायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

पालकसभेच्या दिवशी हे सगळं फुटलं. घुमीची आई सगळ्यांसमोर उठून म्हणाली, "सिस्टर, मोठ्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मी आपला एक टेबलक्लॉथ दिला, पण तेवढ्यानं काय होतंय?" तेवढ्यात तिच्या कडेवरून घुमी कडाडली, "ह्या नाहीत! माझ्या बाई त्या आहेत!" आणि तिनं सरळ धाकटीकडे बोट दाखवलं.

सगळे हसले. मोठ्या बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धाकटीनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं, आणि पटकन म्हणाली, "अहो, आम्ही दोघी बहिणी एकाच घरात राहतो. टेबल एकच आहे, त्यावरच घातलाय. दोघींना पोचला!"

पुन्हा हशा. संकट टळलं. पण मोठ्या बाईंना वाटलं, हेसुद्धा हिलाच जमावं! मला वाचवणंसुद्धा!

दोघी घरी आल्या. चपला काढता काढता थोरली म्हणाली, "सिस्टर मला म्हणाल्या होत्या तुझा वर्ग घे म्हणून. तुझा घसा बसला त्या दिवशी. मीच नाही म्हटलं."

धाकटी वळली. "मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि तुला वाटणीत घुमी दिली तीही मुद्दाम. चावरा, रडका, ती जुळी, सगळी मुद्दाम."

धाकटीला राग आला. चांगलाच आला. तिनं ताटं जरा आपटूनच मांडली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. माहितीये?"

"नाही."

"आणि तू वर्ग घेतला असतास तर ती पोर अजूनही बोलली नसती. म्हणजे आता तुझ्यावर धड रागावताही येत नाही. ही कसली बहीण दिलीये देवानं!"

थोरलीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. थोड्या वेळानं, भांडं पुसता पुसता, तिनं आयुष्यात पहिल्यांदा धाकटीला विचारलं, "त्या चावऱ्याचा सिंह कसा केलास गं?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई लाँड्रीत गेल्या. वाफेच्या ढगात उभ्या राहून त्यांनी घुमीच्या आईला खरं ते सांगितलं. ती इस्त्री बाजूला ठेवून ऐकत राहिली, मग म्हणाली, "अहो बाई, पोर बोलली ना? मग झालं तर!" आणि पुन्हा शर्टाच्या कॉलरकडे वळली. बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच लवकर आटोपलं.

पोटदुखी काही अशी एका दिवसात जात नाही. पण शेवटच्या तासाला दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत, असं मोठ्या बाईंनीच सिस्टरना सुचवलं. पहिल्या दिवशी त्या मागच्या बुटक्या बाकावर गुडघे आखडून बसल्या. पुढे धाकटी वारा झाली आणि सगळी पोरं झाडं होऊन डोलायला लागली. त्यांच्या वर्गातली ती शहाणी मुलगी तर सगळ्यात पुढे. बाईंच्या छातीत जुनी कळ उठलीच.

तेवढ्यात घुमी मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "मोठ्या बाई! तुम्ही पण झाड आहात! बाई म्हणतायत, हात वर करा!"

मोठ्या बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, आणि हात वर केले.