जयगडच्या देवीपुढचा सोनेरी खडा

मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मला खरं तर आठ दिवस नुसतं झोपायचं होतं. मुंबईच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, आणि गेली चार वर्षं टायटॅनियम नायट्राइड या एकाच पदार्थाने माझा पिच्छा पुरवला होता. टायटॅनियम हा धातू. त्याला ऑक्सिजन मिळाला की पांढरी भुकटी होते आणि तिच्यातून वीज जात नाही. तीच भुकटी अमोनियाच्या झोतात दिवसच्या दिवस तापवली की ऑक्सिजन निघून जातो, नायट्रोजन त्याची जागा घेतो आणि नळीत सोनेरी पूड उरते. ती धातूसारखी वीज वाहून नेते का, आणि किती, एवढंच मला मोजायचं होतं. पण पूड दाबून भरली की एक आकडा यायचा, सैल भरली की दुसरा. एकसंध खडा मिळाला असता तर प्रश्न सुटला असता, पण तेवढी उष्णता आमच्या भट्टीला सात जन्मांत झेपली नसती. जूनपर्यंत आकडा आला नाही तर प्रबंध मागे घ्या, असं प्राध्यापकांनी सांगून टाकलं होतं.

प्रयोगशाळेचा शिपाई सखाराम त्या सोनेरी पुडीची बशी धुताना थबकला. "साहेब, ह्या रंगाचा खडा आमच्या जयगडला देवीपुढं हाय. माज्या आत्याच्या घोवानं बंगालातल्या लोखंडाच्या भट्टीतनं आणलान व्हता."

माझी झोप उडाली. लोखंडाच्या खनिजात टायटॅनियम असेल तर भट्टीच्या तळाशी वर्षानुवर्षं असे खडे बनतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. मी डेकचं तिकीट काढलं आणि निघालो.

जाणाऱ्यांनी माझ्यासारखं करू नये. बोट लागते म्हणून मी डोळे मिटून आडवा झालो, तो जयगड कधी आलं आणि गेलं कळलंच नाही. तिथे बोट धक्क्याला लागत नाही. किनाऱ्यावरून पडाव म्हणजे होड्या येतात, त्यांत उतरावं लागतं, आणि ते कुणाच्या झोपेसाठी थांबत नाहीत. मी थेट रत्नागिरीला उतरलो. बंदराजवळच्या खानावळीत चार आण्यांत भात, कुळथाचं पिठलं आणि आमसुलाचं सार मिळालं. सार दोनदा मागून घेतलं तेव्हा कुठे पोटातली बोट थांबली.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने जयगड. सर्व्हिस मोटार निम्म्या वाटेपर्यंत जाते, पुढे बैलगाडी. रस्ता सगळा जांभ्याचा. तांबडी धूळ कपड्यांवर बसते ती धोब्याकडेही जात नाही. गाडीवानाने विचारलं, "मुंबयसून इतक्या लांब कशाला आलास?" मी म्हटलं, एक खडा बघायला. त्यानंतर तो माझ्याशी फार जपून बोलला.

सखारामची आत्या, भागीरथीबाई, सुकत घातलेली मासळी राखत बसली होती. साठीची, बारीक, ताठ. सखारामचं नाव सांगताच तिने मला पाणी दिलं आणि कुणी न विचारता सगळं सांगितलं. नवरा खडा घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, हा नवीन धातू आहे. रत्नागिरीच्या सोनाराने तो कसोटीच्या दगडावर घासला. सोन्याची रेघ उमटायची ती उमटली नाहीच, उलट कसोटीलाच चरा पडला. "सोनारानं सांगितलान, दगड हाय, ऊठ. मग सारा गाव त्याला दगडवाला म्हणायचा. शेवटी खडा देवीपुढं ठेवलान नि म्हणाला, खरंखोटं आता तूच बघ. तसाच गेला."

कसोटीला चरा पाडणं हाच तर या पदार्थाचा गुण. मी तिला हे सांगितलं, पण शहरच्या माणसाने समजूत घालावी तसंच तिला ते वाटलं असावं.

खडा सुपारीएवढा होता, तेल-हळदीने काळवंडलेला. तो आता देवीचा, म्हणून नेण्याआधी कौल लावायला हवा. गुरवाने देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवले. उजवीकडचा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. "मुंबयच्या पावण्याला खडा न्यायला देऊ काय, आई?" बराच वेळ काही पडेना. मी कधी देवाला काही मागितलेलं नाही, त्या दिवशी मनातल्या मनात अगदी लाचारीने मागितलं. डावा पडला.

मी पायरीवर बसून राहिलो. चार वर्षं गेली, असं मला वाटत होतं, आणि रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. भागीरथीबाईच गुरवाला म्हणाली, "हितंच बगू दे काय, असा इचार." या वेळी उजवा लगेच पडला.

माझ्याकडे बॅटरी, टॉर्चचा दिवा आणि दोन तारा होत्या. मोजायची यंत्रं मुंबईत. जांभ्याचा तुकडा मधे धरला, दिवा लागला नाही. पितळेचा तांब्या धरला, लागला. मग खडा धरला. लागला नाही. जमलेल्यांत कुणीतरी हसलं. भागीरथीबाईने खडा माझ्या हातातून घेतला, देवीची भांडी घासतात तशी चिंच लावून दोन्ही अंगांनी घासला आणि परत दिला. तेल गेलं, तांबूस सोनेरी अंग उघडं पडलं. तारा टेकवल्या आणि दिवा लागला.

"म्हंजे दगड न्हवं?" ती म्हणाली.

"नाही. दगडातून वीज जात नसते. तुमचे यजमान खरं बोलत होते."

तिने तारा माझ्याकडून घेतल्या आणि हसणाऱ्याला पुढे बोलावून स्वतः लावून दाखवलं. मग गुरवाला. मग शेजारणीला. निघताना तिने बॅटरी आणि दिवा मागितला. मी देऊन टाकला.

परतीच्या बोटीत मी जागा राहिलो. प्राध्यापकांनी एकच विचारलं, "आकडा?" मी नाही म्हटलं. त्यातून वीज जाते, हे त्यांना पुरेसं नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. भट्टीतल्या खड्यात कोळशाचा कार्बनही मिसळलेला असतो, तेव्हा तो माझा शुद्ध पदार्थ नव्हताच. प्रबंध मी मागे घेतला. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण टायटॅनियम नायट्राइडमधून वीज जाते का, असं कुणी विचारलंच, तर मी त्यांना जयगडला भागीरथीबाईकडे पाठवतो. त्यांना पुरावा ती दाखवील.