अपेक्षाची ‘जेवणाची सुट्टी’

मावळातल्या टाकवे बुद्रुकात अपेक्षाच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. रेशनच्या रांगेत घुसणाऱ्या भल्याभल्यांना तिनं एका वाक्यात गार केलेलं. आणि हीच पोरगी कारखान्याच्या गेटातून आत गेली की मुकी व्हायची. गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम. नजर हलवायची सोय नाही आणि पाठीशी सुपरवायझर उभा. एकदा पोटात दुखतंय म्हणून जरा टेकली, तर तो सगळ्या लाइनीसमोर म्हणाला, “घरी झोपायला जागा नाही का?” अपेक्षानं शब्द गिळला. आता अशा तोंडाळ माणसानं शब्द गिळायचा म्हणजे काय होणार हो? तो आत जाऊन कुजतो. तिला पित्ताचा त्रास सुरू झाला, आणि सकाळी कामावर जायच्या नुसत्या विचारानं छातीत धडधडायला लागलं.

मग तिनं इन्स्टाग्रामवर एक पेज काढलं. नाव ठेवलं ‘जेवणाची सुट्टी’. कामावर ज्याला जे बोलता येत नाही ते त्यानं तिला कळवायचं, ती ते मीठमसाला लावून मावळी बोलीत टाकणार. पाठवणाऱ्याचं नाव नाही, साहेबाचं नाही, कंपनीचं तर नाहीच. पेज चालवतंय कोण, हेही गुपित. रीत एकच: रडायचं असेल तरी हसवून रडायचं. काय सांगू, बघता बघता लोणावळ्याच्या हॉटेलांतल्या पोरी, चिक्कीच्या दुकानांतले, टोलनाक्यावरचे, सगळे डबा उघडला की पेज उघडायला लागले. साहेबाची फजिती वाचून घास गोड लागायचा. अपेक्षाचं पित्त पळालं ते पळालंच.

पण जगाची भडास रोज आपल्या पदरात घ्यायची म्हणजे काय गंमत आहे? हळूहळू तिला भाकरी खातानाही कुणाकुणाचे अपमान आठवायला लागले. ज्यांना कधी पाहिलं नाही अशा साहेबांचा राग तिला यायचा. तिची आई भामाबाई एकदा म्हणालीच, “आगं, फोन हाय का दुखरा दात? सारखी आपली जीभ तितंच!” अपेक्षा हसली आणि पुन्हा फोनकडे बघायला लागली. त्यात कारखान्यात नोटीस लागलेली: सोशल मीडियावर कामाबद्दल लिहिणाऱ्याला घरी बसवण्यात येईल. घर तिच्या पगारावर चाललेलं. त्यामुळे गुपित सांभाळणं आलंच.

पेजवरचा सगळ्यांचा लाडका म्हणजे ‘पवनेचा मासा’. पवना धरणाकाठच्या कुठल्यातरी तंबूंच्या कॅम्पावर कामाला होता एवढंच माहीत. मालकानं पाहुण्यांसाठी आणलेला प्लॅस्टिकचा भलामोठा हंस, त्यात रोज सकाळी हा पायपंपानं हवा भरणार आणि लिहिणार, “हंस फुगला, आमी हवा गेलेले.” लोक पोट धरून हसायचे. मधे एका पाहुणीनं नेटवर हॉटेलला तारे देतात तिथं एकच तारा देऊन लिहिलं की म्हातारा वाढपी घामट आहे, जेवण नकोसं झालं. मालकानं ते छापून स्वयंपाकाच्या तंबूत चिकटवलं म्हणे. माशानं त्याचाही विनोद केला. त्यानंतर मात्र त्याचे निरोप तुटक होत गेले.

एका गुरुवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सकाळी त्याचा निरोप आला: “आजपासून आपल्याला कायमची सुट्टी. सगळ्यांना रामराम.” अपेक्षाची शेतावर निघायची घाई. तिनं निरोप तसाच पेजवर टाकला, वर आपल्याकडून एक हसऱ्या तोंडाची इमोजी डकवली आणि लिहिलं, “मासा सुटला रे सुटला!” खाली हसऱ्या तोंडांचा पाऊस. पार्टी कुठं? हंसाला कोण सांभाळणार? सवयच तशी लागलेली. त्या पेजवर माणूस बोलला की हसायचं.

गावातल्या बुद्धविहारापलीकडच्या भातखाचरात सावडीची आवणी होती. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, अशी चार घरच्या बाया मिळून भात लावत होत्या. वाकून वाकून पाठी मोडलेल्या, पण तोंडं जोरात. कुणाची सासू, कुणाचा दीर, सगळ्यांचा उद्धार चाललेला. एवढ्यात भामाबाई आपली ओळ सोडून चिखल तुडवत पार कडेच्या चंपामावशीशेजारी जाऊन वाकली.

“आये, ओळ मोडलीस की!” अपेक्षा ओरडली.

भामाबाईनं मान वर न करता सांगितलं, “जी बोलती तिचा घोर न्हाई गं. जी बोलता बोलता गप झाली, तिच्यापाशी जायचं. आमच्यात तसंच हाय.”

अपेक्षाच्या हातातली रोपांची जुडी तशीच राहिली. बांधावर येऊन तिनं चिखलाच्या बोटांनी फोन उघडला. माशाचा निरोप पुन्हा वाचला. त्यात थट्टा कुठं होती? हंस नव्हता, मालक नव्हता, काहीच नव्हतं. थट्टा तिनंच चिकटवली होती! तिनं माशाला निरोपांवर निरोप टाकले. एकही पाहिला गेला नाही.

पाय न धुता तिनं स्कूटीला किक मारली. कामशेत मागं टाकून पवनानगर गाठलं आणि जीपच्या स्टँडवर धापा टाकत विचारलं, “दादा, प्लॅस्टिकचा मोठा हंस कुणाच्या कॅम्पावर हाय?” जीपवाले आधी हसले. तिचं तोंड बघून त्यांनी रस्ता दाखवला.

तिच्या डोक्यात मासा म्हणजे पंचविशीतला टवाळ पोरगा. कॅम्पावर हंस फुगवणारा म्हणून भेटला तो केस पार पिकलेला निवृत्ती, तिच्या बापाच्या वयाचा. सगळी भांडी लख्ख घासून पालथी घातलेली, शेगडी पुसलेली. धुवट पांढरा शर्ट घालून हा पाण्याच्या कडेला एकटा बसलेला.

अपेक्षा जाऊन शेजारी बसली. “भाऊ, ‘जेवणाची सुट्टी’ मीच चालवते. अपेक्षा नाव माझं. टाकव्याची.”

त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. “तू व्हय? मला वाटलं कुनी लय शिकलेला बाप्या आसंल.” मग पाण्याकडे बघत म्हणाला, “समदे हसले.”

“मी तर सगळ्यांच्या आधी हसले. चुकलं माझं, भाऊ.” आणि मग जे विचारायला माणसं घाबरतात ते तिनं सरळ विचारलं, “जीव द्यायला निघालाय का?”

निवृत्तीनं तोंड फिरवलं. “व्हय,” म्हणाला, आणि लहान मुलासारखा हुंदके देत रडायला लागला. अपेक्षानं त्याचा हात धरला तो सोडला नाही. रडत रडत तो सांगत राहिला: तंबूत चिकटवलेला तो कागद, त्यातला घामट म्हातारा म्हणजे तो स्वतःच, मालक, घरी बायकोला यातलं काही न सांगणं. ती ऐकत राहिली. एकही विनोद केला नाही. मग त्याच्याच फोनवरून तिनं शालूबाईला, त्याच्या बायकोला, बोलावून घेतलं. माउली चपलेविना धावत आली. संध्याकाळच्या आत दोघींनी मिळून त्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसवलं. औषधं सुरू झाली.

घरी आल्यावर अपेक्षानं पेजवर लिहिलं: “आज एक माणूस मरायला निघाला होता आणि आपण हसलो. मीही हसले.” खाली स्वतःचं नाव, गाव आणि फोन नंबर. भामाबाई म्हणाली, “नोकरी जाईल गं.” अपेक्षा म्हणाली, “जाऊ दे.” काळीज म्हणतात ते हेच.

चौथ्या दिवशी बोलावणं आलंच. कारखान्याच्या ऑफिसातल्या माधवी मॅडमसमोर फोन, फोनवर पेज. बिचाऱ्या मॅडम मनानं वाईट नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “कुणाला पत्ता नव्हता, अपेक्षा. गपचूप चालवायचं होतंस. नाव कशाला टाकलंस?”

कारखान्यात मुकी होणारी अपेक्षा त्या दिवशी बोलली. “मॅडम, कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून तर आम्हाला हसता आलं. निवृत्तीभाऊ आहेत हे माहीत असतं, तर कोण हसलं असतं?”

मॅडमनी फोन बाजूला सारला. मग ताकिदीचं पत्र दिलं, आणि कामावर जा म्हणाल्या.