हेल्मेटची काच

दर रविवारी नगरच्या बाजारात मी माझ्या शेतातल्या बाजरीचं पीठ विकतो. खरं तर भाषण देतो. बायको शेजारी शेगडीवर भाकरी करते आणि लोकांना चवीला तुकडा देते. तेवढ्यात मी माती, पाऊस, आरोग्य सगळं सांगून घेतो. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून थोडंच न्या, ताजं खा, हा माझा लाडका मुद्दा.

एक गृहस्थ नेमाने यायचे. हेल्मेट कधीच काढत नसत. काच वर करून तुकडा तोंडात टाकायचे, की काच लगेच खाली. मग मी बोलेन तोवर आत हनुवटी सावकाश हलत राहायची. मला वाटायचं, बाजारातली धूळ सोसत नसेल, तरी बिचारे ऐकतात.

परवा ते म्हणाले, "आठवड्यापुरतंच पीठ द्या."

म्हणजे माझा मुद्दा पोचला होता. त्या आनंदात मी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

"पाव्हणं, आधी पीठ बांधा," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं संपस्तोवर हे बी कडू व्हईल."

बायको इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी पिशवी घेतली, मान डोलावली आणि काच खाली केली.

ती काच धुळीसाठी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.